भाऊजींचा वाडगा

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मागच्या महिन्याचा कागद काढून तो आकडा बघितला आणि मग भाऊजींना सोडून माझ्याकडे वळल्या.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"यांना काय आवडतं?"

मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "त्यांचं काही नसतं हो. जे पानात पडेल ते खातात. अठ्ठावीस वर्षांत एका शब्दानं तक्रार नाही."

"ते कळलं. आवडतं काय?"

मी भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी माझ्याकडे. बाई म्हणाल्या, रिपोर्ट सगळे स्वच्छ आहेत, रोग काही नाही. माणूस जेवत नाही एवढंच आहे, पण या वयात असंच चाललं तर अंथरूण धरायला वेळ लागणार नाही. औषध लिहून देण्यापेक्षा आवडीचं खाऊ घाला. घरी येईपर्यंत माझा चेहरा उतरलेला होता. कॉलेजात गृहशास्त्र घेतलेली मी. आहार या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. पंपाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं आचारी होते. दोन पाळ्या, चारशे माणसं. पहाटे भट्टी पेटायची आणि अकरापर्यंत भाऊजींनी वीस पदार्थांचा एकेक थेंब तळहातावर घेऊन चाटलेला असायचा. मीठ बरोबर, तिखट बरोबर, पुढे. जेवण हा प्रकार त्यांच्यासाठी सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, कुठल्यातरी पातेल्याच्या तळाशी. दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं कँटीन बंद करून डबे मागवायला सुरुवात केली आणि भाऊजी घरी बसले. तेव्हापासून ते कणाकणानं कमी होत चालले होते. शर्टाची कॉलर आणि मान यांच्यात आता दोन बोटं सहज जात.

"चारशे माणसं पोसली आणि स्वतः काडीपहिलवान," आमचे हे म्हणायचे. भाऊजी हसायचे. त्यांच्या हसण्यालाही आवाज नव्हता.

युक्ती काढली ती आमच्या लेकीनं. तिच्या ऑफिसजवळ एक मंगोलियन जेवणाचं हॉटेल होतं. तिथं मेन्यूकार्ड नसतं. रिकामा वाडगा हातात देतात, समोर कच्च्या जिन्नसांचे ट्रे मांडलेले असतात. हवं ते आपल्या हातानं भरायचं, आचारी समोर तव्यावर परतून देतो.

"काकांना विचारून काही उपयोग नाही. ते 'काहीही चालेल' म्हणणार," ती म्हणाली. "तिथं त्यांना काहीतरी उचलावं तर लागेल. तू फक्त वाडग्यावर नजर ठेव."

म्हणून एका रविवारी आम्ही चौघं दुपारी तिथं गेलो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी पर्समध्ये वही घेतली होती. आवडीनिवडीची यादीच करून आणायची, या थाटात.

आत शिरताच डाव्या हाताला वाडग्यांची चळत. पुढे लांबलचक टेबल, त्यावर बर्फात रोवलेले ट्रे आणि वरून काच, कोणी शिंकलं तर अन्नावर जाऊ नये म्हणून. कोबी, गाजर, मशरूम, कांद्याची पात, मोड आलेली कडधान्यं, तीन जाडीच्या नूडल्स, सुताराच्या रंध्यातून निघावेत तसे मांसाचे गोठलेले पातळ काप. टोकाला आठ सॉसची भांडी आणि प्रत्येकात पळी. तिथून पुढे तो तवा, बैलगाडीच्या चाकाएवढा. दोघं आचारी हातभर लांब लाकडी काठ्या घेऊन त्याच्याभोवती फिरत होते आणि प्रत्येकाचा ढीग वेगळा ठेवून परतत होते. मधूनच पाणी मारलं की चर्र आवाज होऊन वाफेत दोघंही दिसेनासे व्हायचे.

ह्यांनी पहिल्या फटक्यात वाडगा असा रचला की त्याला कळस यायचा बाकी होता. वरून आठही सॉस.

"बाबा, एखादा ठेवा दुसऱ्यांना," लेक म्हणाली.

"सगळे चाखून बघायला नकोत?"

"चाखताय कुठं, अभिषेक करताय."

मी मात्र भाऊजींच्या मागं दोन माणसं सोडून उभी होते. ते सावकाश पुढं सरकत होते. कोबी घेतला. गाजर घेतलं. मशरूमला हात लावला नाही. मोड घेतले, चांगले चिमटाभर. जाड नूडल्स सोडल्या, बारीक घेतल्या. मी वळून वहीत लिहून घेतलं: कोबी, गाजर, मोड, बारीक नूडल्स. मशरूम नको. इतकं सोपं होतं तर. उद्या सकाळी मंडईत जाऊन कोबीचा गड्डा आणायचा, हेसुद्धा ठरवून टाकलं.

लेक माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली.

"आई, त्यांनी काय घेतलं ते लिहिलंस. कुठून घेतलं ते बघितलंस का?"

मी बघितलं. कोबीच्या ट्रेच्या तळाला पाच-सहा पानं उरली होती, ती आता भाऊजींच्या वाडग्यात होती. गाजराचा ट्रे रिकामा. मोडांचाही. बारीक नूडल्सच्या ट्रेचे कोपरेसुद्धा त्यांनी चिमट्यानं नीट गोळा केले होते. जे ट्रे काठोकाठ भरलेले, त्यांच्याकडे ते फिरकलेच नव्हते.

आमच्या चार थाळ्या तव्यावरून टेबलावर आल्या. ह्यांचा कळस शिजून निम्म्यावर आला होता आणि रंग डांबरासारखा झाला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, कोबी आवडतो का तुम्हाला?"

"संपत आला होता."

"आणि मशरूम नाही आवडत?"

"भरलेला होता ना ट्रे. भरल्या भांड्याला आपण कशाला हात लावायचा? मागं लोक उभे होते."

हे हसले. "अरे, हे कँटीन नाही. तू आज गिऱ्हाईक आहेस."

"हात जात नाही रे. सवय. वाढणाऱ्यानं उरलेल्यातलं घ्यायचं, म्हणजे काही वाया जात नाही आणि कोणाला कमी पडत नाही."

मीही हसत म्हटलं, "मग घरी काय करता? घरी कुठं ट्रे असतात?"

"घरी सोपंच आहे की," भाऊजी म्हणाले. काट्यानं गाजराचा तुकडा शोधत होते. "घरी तुम्ही सांगताच, वहिनी, काय संपवायचंय ते."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मी परतवला असता, तेवढी जीभ मला आहे. ते साधं सांगत होते, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. ह्यांनी मान खाली घालून डांबर ढवळायला घेतलं. लेक माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम.

माझ्या डोळ्यांसमोर आमचा फ्रीज उभा राहिला. मधल्या कप्प्यातले ते छोटे झाकणाचे डबे, कालची भाजी, परवाचा भात. भाऊजींची पाळी उशिरा सुटायची, म्हणून त्यांचं जेवण सगळ्यांच्या मागून. मग पाळी गेली, कँटीन गेलं, दोन वर्षं ते दिवसभर घरी आहेत, तरी ते मागूनच जेवतात आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. "राहू दे, टाकू नकोस, भाऊजी आहेत ना," हे मी किती वेळा म्हटलं असेल. लेकीला म्हटलंय, मोलकरणीला म्हटलंय, पाहुण्यांसमोर तर कौतुकानं म्हटलंय. आमच्याकडे काही फुकट जात नाही, आमचे भाऊजी आहेत. संतुलित आहाराचा तक्ता मला आजही पाठ आहे. मुलीचं दूध, ह्यांचं कमी मीठ, सगळं त्या तक्त्याप्रमाणे. त्यात भाऊजींचा रकाना नव्हता. ते कचऱ्याच्या टोपलीच्या अलीकडचं एक ठिकाण होते.

कान गरम झाले. आजूबाजूच्या टेबलांवर कोणाला काही ऐकू गेलं नव्हतं, तरी सगळं हॉटेल माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं.

मी उठले. "चला भाऊजी, दुसरा वाडगा घेऊ."

"हाच संपायचाय, वहिनी."

"तो राहू द्या."

ते चमकले. ताटातलं टाकून उठ, असं मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते. तरी उठले, कारण मी सांगितलं होतं. तेही मला लागलं.

ट्रेपाशी नवा वाडगा त्यांच्या हातात दिला. "भरलेल्यातलं घ्या."

"तुम्हीच घाला ना."

"मी नाही घालणार."

बराच वेळ ते मशरूमसमोर उभे राहिले. मागून एक बाई "एक्सक्यूज मी" म्हणून वळसा घालून गेली. शेवटी त्यांनी चिमट्यानं तीन मशरूम उचलले आणि जो खड्डा पडला तो शेजारचे मशरूम सारून बुजवला, चोरी उघडी पडू नये तसा. मग कांद्याची पात. मग जाड नूडल्स, आणि पुन्हा खड्डा बुजवणं. मी दुसरीकडे बघितलं.

तव्यापाशी मात्र त्यांची मान वर झाली. आचाऱ्यानं पाण्याची बाटली उचलली तसे ते म्हणाले, "पाणी नको मारू आता. जरा धरू दे खालून."

आचाऱ्यानं काठी थांबवली. "याच लाईनीतले का तुम्ही?"

"होतो."

"मग तुम्ही सांगाल तेव्हा काढतो."

भाऊजींनी नूडल्सच्या कडा तांबूस होईपर्यंत त्याला थांबवलं, मग मान हलवली. थाळी घेऊन ते टेबलाकडे निघाले, तर लेक पाणी आणायला उठलेली. ते खुर्चीमागे उभे राहिले, थाळी हातात. सगळे बसल्याशिवाय ते सुरू करणार नव्हते, आणि कोणी ना कोणी बसायचं नेहमीच राहिलेलं असायचं.

"इथंच खा," मी म्हटलं. "उभ्यानं खा, पण आत्ता."

त्यांनी एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडून वाफ बाहेर सोडली. एकतीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाची जीभ पोळली होती.

"पाणी देऊ?"

"नको." दुसरा घास त्यांनी फुंकर मारून घेतला. "गरम आहे, वहिनी."

"चुकलं का काही?"

"नाही, नाही. गरम आहे," ते पुन्हा म्हणाले. मग खाली बसले आणि ती थाळी त्यांनी वर न बघता खाल्ली. ह्यांनी आपली डांबराची थाळी बाजूला सारली होती. लेक परत आली, तिनं विचारायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनी नको म्हटलं.

तेव्हापासून मी भाऊजींना पहिलं वाढते. हे फार छान चाललंय असं मी म्हणणार नाही. ते अवघडून बसतात, परीक्षेला बसवल्यासारखे, आणि दर दोन घासांनी ओट्याकडे बघतात. "तुमचं व्हायचंय ना अजून?" विचारतात. काय आवडतं ते अजूनही सांगता येत नाही त्यांना. मी विचारायचं सोडलंय, नुसतं गरम वाढते आणि समोर बसते. कधी अर्धं खातात, कधी जास्त.

परवा मी त्यांच्या पानात वांग्याची भाजी वाढायला डाव खाली नेला, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"वहिनी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"मला वांगं नाही आवडत. लहानपणापासून नाही."

आमच्या घरी वांगं आठवड्यातून दोनदा होतं, ह्यांना आवडतं म्हणून. दर वेळी जास्त होतं आणि दर वेळी उरतं.

"बरं," मी म्हटलं, आणि डाव घेऊन ओट्याकडे वळले. पातेलं तिथंच होतं, अर्धं भरलेलं. मी भाताचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. मागं वळून त्यांच्याकडे बघायला मला जरा वेळ हवा होता.