आवळीभोजनाच्या दुसऱ्या सकाळचे नमुने

“काल काय खाल्लंत?” सकाळी भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हाच असे. नमस्कार त्यानंतर.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या विद्यापीठात त्या शरीरक्रियाशास्त्राच्या संशोधक होत्या. राहायच्या बालाजी घाटाजवळ, माझ्याच गल्लीत. टप्प्याटप्प्याने केलेला व्यायाम हा त्यांचा विषय. जोरात धावताना शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. अर्धे अर्धे मिनिट धावले तर इजा जास्त होते की चार चार मिनिटे, हे त्यांना रक्तातून मोजायचे होते.

कार्तिकातला घाट तुम्ही पाहिला असेल. पहाटे नदी दिसतच नाही. पायऱ्या धुक्यात उतरतात आणि संपतात. गल्लीतले आठ जण त्यातून धावत वर येत, वळत, पुन्हा विरघळत.

“ताई, जान घेणार काय आज?” त्यांतले पोस्टातले एक कारकून धापा टाकत विचारत.

“जान ठेवा तुमच्याकडे. थोडं रक्त बस आहे.”

निकाल सुरेख आला. लांब टप्प्यांनंतर इजेच्या खुणा ठळक. आखूड टप्प्यांनंतर जवळजवळ नाहीत. त्यांची नेमणूक महिनाअखेर संपत होती आणि या निकालावर ती वाढणार होती. मी माझ्या वर्तमानपत्रासाठी बातमी लिहून ठेवली.

ती छापायला जाण्याआधी त्यांचा फोन आला. “थांबवा ती.”

लांब टप्प्यांची चाचणी आधीच्या आठवड्यात झाली होती. आखूड टप्प्यांची झाली ती आवळी नवमीच्या दुसऱ्या सकाळी. आदल्या दुपारी इथल्या मराठी घरांची पंगत आवळ्याच्या झाडाखाली बसली होती. चटणी, लोणचे, मोरावळा. आवळा नेमका त्याच कणांना आवरतो. त्या सकाळच्या आठही कागदांवर आहाराचा रकाना कोरा होता.

“कुणाला कळणार आहे ते काय जेवले?” मी म्हणालो.

“मीच वाढत होते हो. आग्रह करकरून. म्हणून तर विचारलं नाही.”

त्या हसल्या.

त्यांनी नमुने रद्द केले. पुन्हा चाचणी घ्यायला दिवस उरले नव्हते. नेमणूक वाढली नाही.

नागपूरची गाडी पकडायच्या दिवशी पहाटे त्या घाटावर आल्या, तर आठही जण आधीच येऊन थांबले होते. कोणी बोलावले नव्हते. प्रयोगशाळेची किल्ली परत दिलेली होती.

पोस्टातल्या कारकुनांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुढे केला. “घ्या ताई. पुन्हा धावलोय आम्ही.”

त्यांनी त्या हातावर दोन बोटे ठेवली. धुके इतके दाट होते, की मला दोघांचे चेहरे नीट दिसले नाहीत. मग त्यांनी बाही हळूच खाली ओढली, पार मनगटापर्यंत.