शास्त्रज्ञाचा सत्कार

नव्या मुंबईत त्या काळी सत्कार न झालेला माणूस कुठे असलाच, तर तो आमच्या मामांना अजून भेटलेला नसायचा, एवढाच त्याचा अर्थ. हे मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात बसून मालाच्या पावत्या लिहायचे आणि संध्याकाळी सहा वाजले की आमच्या तालुक्याच्या मित्रमंडळाचे तहहयात चिटणीस व्हायचे. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक तपकिरी शाल आणि एक नारळ. शालीच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती आणि ते भोक आतल्या घडीत जाईल अशी घडी घालणं फक्त मामांना जमायचं. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला की मामा सत्कारमूर्तीच्या खांद्यावरची शाल अलगद काढून घेत आणि म्हणत, "शाल मंडळाची, मान तुमचा." नारळही परत यायचा. एकदा एका पाहुण्याने उत्साहाच्या भरात तो तिथल्या तिथे फोडायला घेतला, तेव्हापासून मामांनी नारळाच्या डोळ्यांखाली शाईने "फोडू नये" असं लिहून ठेवलं होतं. तो हलवला की आत खुळखुळ्यासारखा वाजायचा.

सत्कार कशाबद्दल, हा प्रश्न मामांना गौण होता. ऐन मे महिन्यात कॉलनीची वीज गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनला त्यांनी काम अर्धवट टाकून खाली उतरवलं, कारण वर शाल पोचत नव्हती. "आज मला बोलायला शब्द नाहीत," अशी त्यांच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात असायची आणि पुढे पाऊण तास ते शब्द सापडत राहायचे. तेवढा वेळ अख्खी कॉलनी घामाने निथळत उभी होती आणि वायरमन गळ्यात हार घालून पक्कड हातात धरून. मामींच्या पोटातले खडे काढले त्या डॉक्टरांना मामांनी वॉर्डातच गाठलं. मामी अजून गुंगीत होत्या, पण त्याही टाळ्या वाजवायला लागल्या असं मामा शपथेवर सांगायचे.

पण मामांचं खरं कौशल्य होतं माणसाला मोठं करण्यात. दवाखान्यातला कंपाउंडर त्यांच्या तोंडून "वैद्यकीय क्षेत्रातले" होऊन बाहेर पडायचा, गोदामावरचा वॉचमन "संरक्षण विभागातले". यात खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. गावाकडून आलेल्या माणसाची छाती या शहरात जरा तरी रुंद व्हावी, एवढाच त्यांचा हेतू. माणसाला भेटले की ते हुद्दा विचारायचे. काम काय करतोस, हे त्यांनी कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि मामांच्या वन रूम किचनमध्ये राहायला आलो. दोन महिन्यांत तळोज्याच्या एका लहानशा रसायनांच्या कंपनीने मला घेतलं. हुद्दा : लॅब इनचार्ज. नव्या यंत्रांनी भरलेली लॅब आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, असं मुलाखतीत शेठ म्हणाले होते. मी सोमवारी हजर होणार होतो. मामांनी रविवारीच सत्कार उरकला. सोसायटीच्या पॅसेजमध्ये सतरंजी, भाड्याचा लाउडस्पीकर, पेढे आणि फळ्यावर रंगीत खडूने "आपल्या तालुक्याचे पहिले शास्त्रज्ञ". मी कानाशी लागून म्हटलं, "मामा, शास्त्रज्ञ नव्हे हो." ते म्हणाले, "गप रं भाच्या. लॅब तुझी हाय का न्हाई? मग?" शालीतला माझा फोटो पोस्टाने गावाला गेला आणि आईने तो देवांच्या ओळीत लावला.

सोमवारी मी लॅब कुठे म्हणून विचारलं, तर तिची किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला. आत शेठची जुनी स्कूटर होती, रिकामी गोणपाटं होती आणि सिंकमध्ये एक वाळलेली पाल होती. हाताखालची दोन माणसं म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि चहावाला. माझं काम आठवड्यातून एकदा. कंपनीतून मागच्या नाल्यात जे पाणी सुटायचं ते तपासून ठीक आढळलं, अशा कागदावर शनिवारी सही करायची. आकडे आधीच टाईप केलेले असत. गेल्या वर्षीचेच, फक्त शेवटचा आकडा इकडचा तिकडे केलेला. शेठ स्वभावाने प्रेमळ होते. "अरे, टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले, "पहिलेवाला केमिस्ट तर घरूनच सही पाठवायचा. तू येतोस तरी." सही करताना माझा हात थरथरला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण सही चांगली वळणदार आली.

नोकरी सोडायची, हे मी रोज संध्याकाळी बसमध्ये नक्की करायचो. कळंबोलीला उतरलो की नाक्यावर मामा कोणाला तरी घेऊन उभे. "हे आमचे शास्त्रज्ञ!" समोरचा माणूस हात जोडायचा. मग वाटायचं, आता सोडली तर हे जोडलेले हात कुठे जातील? आईने लावलेला फोटो कोण काढेल? सत्कार झाला नसता, तर मी दुसऱ्याच दिवशी घरी आलो असतो, अशी मी मनाची समजूत घालत होतो. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की मला ते जोडलेले हात आवडायला लागले होते.

त्यातून सुरू झाल्या बाटल्या. तालुक्याचा शास्त्रज्ञ घरात म्हटल्यावर लोक गप्प कसे बसणार? कोणी भय्याचं दूध आणलं, कोणी टाकीचं पाणी, कोणी हळद. तळमजल्यावरचे एक आजोबा डॉक्टरांनी "लॅबमध्ये द्या" म्हणून सांगितलेली बाटली पहाटेच घेऊन आले. मामा प्रत्येक बाटलीवर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नावाची चिठ्ठी चिकटवायचे. मी त्या पिशवीतून कंपनीत न्यायचो, सिंकमध्ये ओतायचो आणि दोन दिवसांनी सांगायचो, "बरं आहे, काळजी करू नका." लोक खूश व्हायचे. आजोबांना मात्र मी खऱ्या लॅबचा पत्ता दिला; तेवढी तरी लाज मला शिल्लक होती.

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक मावशी मासळीची पाटी घेऊन बसायच्या. तळोज्याच्या कारखान्यांपलीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. एके दिवशी त्यांनी सरबताची जुनी बाटली माझ्या हातात दिली. "बाला, यो आमचे हिरीचा पानी हाय," त्या म्हणाल्या. "कवा कवा वास येतंय. नातवंडांना पाजू का नको, येवराच सांग." विहीर कुठल्या गावची, ते मी विचारलं. आमच्या कंपनीमागचा नाला त्यांच्या गावाच्या अंगाने खाडीला जात होता.

ती बाटली मी ओतली नाही. तीन दिवस ती लॅबच्या खिडकीत उभी होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. तपासायला तिथे काही नव्हतं, हे खरं. पण मला बी.एस्सी.ला शिकवलेले सर बदलून बसने तासाभराच्या अंतरावरच्या कॉलेजात आले होते आणि तिथे खरी लॅब होती, हेही खरं. गेलो असतो तर सरांनी विचारलं असतं, तुझी लॅब काय झाली? चौथ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, "चांगलं आहे पाणी." मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी बोंबलाचा एक वाटा जबरदस्तीने माझ्या पिशवीत घातला. मामींनी ते कुरकुरीत तळले आणि मी ते खाल्ले.

पुढे मावशी दिसेनाशा झाल्या. दहा-बारा दिवसांनी आल्या तेव्हा डोळे खोल गेलेले. धाकटी नात पनवेलच्या दवाखान्यात होती, जुलाब, उलट्या, आता बरी आहे म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "पानी तं चांगला होता, तू तपासलास. मंग काय झाला, द्येवाला ठावं." त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल शंकेचा लवलेशही नव्हता. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. तसं झालं नाही.

मी वर गेलो आणि मामांना सगळं सांगितलं. लॅब, स्कूटर, पाल, शनिवारच्या सह्या, ओतलेल्या बाटल्या. मामा पुढच्या सत्काराची आमंत्रणं लिहीत होते, ते लिहायचे थांबले. पेनाला टोपण लावून त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मग तू तिथं काम काय करतोस?"

"सही," मी म्हटलं.

"आन् मंडळात मी काय सांगू? शाल घातलीया मी तुला, पन्नास माणसांसमोर. फोटो गेलाय गावाला. चार महिनं कळ काढ, दुसरी बघ, मग सोड गुपचूप." आतून मामींचा आवाज आला, "मंडळाचं नंतर बघा. त्या बाईच्या पोरांनी आज कुठलं पाणी प्यालं, ते बघा आधी."

मामा उठले. कपाटातून त्यांनी शाल आणि नारळ काढला, मला खूण केली आणि जिना उतरू लागले. काय करणार आहेत ते मला कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं. माणसासमोर नमायची त्यांना एवढी एकच रीत ठाऊक होती. मावशी पाटी आवरत होत्या. मामांनी शाल उलगडली, घाईत घडी चुकली आणि कसरीचं भोक बरोबर समोर आलं. "मावशी," ते म्हणाले, "आज मला बोलायला..."

मावशींनी खांद्यावर येणारी शाल हाताने अडवली. "शाल नको मना," त्या म्हणाल्या. "हिरीचा काय ते सांग."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी, मी पाणी तपासलंच नव्हतं. आमच्या कंपनीत तपासायला काही नाहीच. मी खोटं बोललो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, हिशोबात न बसणारं काहीतरी समोर आल्यासारख्या. "तवाच सांगाचा ना," त्या म्हणाल्या, "मी पानी लांबशी आनला असता." आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेल्या. त्यानंतर त्या आमच्या कोपऱ्यावर कधी बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. शेठना मनापासून वाईट वाटलं. "अरे, पण तुला काम तर काहीच नव्हतं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खिडकीतली बाटली घेऊन मी सरांकडे गेलो. ते पाणी माणसांनी पिण्यासारखं नव्हतं. नातीचं दुखणं त्यानेच आलं का, हे सरांनाही सांगता येईना आणि मला ते आजतागायत कळलेलं नाही. सरांचा कागद घेऊन मामा एकटेच त्या गावात गेले, मला बरोबर नेलं नाही. त्यांनी तो मावशींच्या अंगणात उभं राहून वाचून दाखवला आणि भाषण न करता परत आले, एवढं मामींकडून कळलं. गावाने विहिरीवर फळ्या ठोकल्या. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मामा माझ्याविषयी बोलायला उभे राहिले. "आज मला बोलायला शब्द नाहीत," ते म्हणाले. लोक नेहमीसारखे पाऊण तासासाठी मांडी घालून सावरून बसले आणि मामा खाली बसले.

वर्षभराने मला बाहेरगावच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली आणि मी मामांचं घर सोडून तिकडे राहायला गेलो. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची. मी कोणाला सांगितलं नाही. पण मामींना पत्र लिहिलं होतं, त्यातून फुटलं असावं. एका दुपारी मामा दारात उभे. हातात शाल नव्हती, नारळ नव्हता. एक बाटली होती, वर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मोत्यासारख्या अक्षरात त्यांचंच नाव. "घरच्या नळाचं हाय," म्हणाले. "तपास. मी बसतो हितं."

ते स्टुलावर बसले. मी कामाला लागलो. तासभर गेला, एवढा वेळ मामा न बोलता बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक थेंब ते डोळ्यांनी मोजत होते. शेवटी मी म्हटलं, "मला तपासता येतं तेवढं तरी सगळं बरं आहे, मामा."

"नक्की?"

"नक्की."

प्रयोगशाळेत काहीही पिऊ नये अशी पाटी भिंतीवर आहे. ती मीच लावली होती. मामांनी तिच्याखालीच बाटली उचलली, उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि बाहीने तोंड पुसलं. "तुझी पोरं यायची असतील तासाला," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाल मंडळाची होती, ती मंडळाकडे गेली. त्यांच्या नावाची ती बाटली मात्र मी परत केली नाही.