एकचाकीला कंपनी मिळेना

किस्से जमवायला कुणी मुद्दाम जात नाही. तुम्ही एखादं काम करायला जाता, ते होत नाही, आणि न झालेल्या कामाचे किस्से होतात. आमच्याकडे पोतंभर आहेत. म्हणजे काम किती झालं असेल ते समजून घ्या!

जळगावच्या एमआयडीसीत सलीमभाईचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचं शेड आहे. आजूबाजूच्या गावांतले जळालेले पाण्याचे पंप त्याच्याकडे येतात. मी बरीच वर्षं एका दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्समन होतो, आता त्याचा भागीदार. बरं चाललं होतं. मग एका सराफाच्या मुलाने परदेशातून आणलेली, बंद पडलेली इलेक्ट्रिक एकचाकी दुरुस्तीला आली, आणि आमचं डोकं फिरलं.

एकचाकी म्हणजे एकच जाड चाक. त्यातच मोटर आणि बॅटरी. दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या. सीट नाही, हँडल नाही. उभं राहायचं, पुढे झुकलं की चालते, मागे झुकलं की थांबते. तोल मशीन सांभाळतं. सलीमभाईने ती दुरुस्त केली, अंगणात फिरवून बघितली, आणि त्या दिवशी जेवायला घरी गेलाच नाही. म्हणाला, "भाऊ, ही आपण बनवायची!"

बनवलीही. पण शेडमध्ये हाताने बनवून बनवून किती बनणार? मोठ्या कंपनीने हातात घेतली तरच तिचं काही खरं. तेव्हापासून आम्ही कंपन्यांचे उंबरे झिजवतोय. खरं सांगतो, कंटाळा आलाय. शेवटी गेल्या हिवाळ्यात सलीमभाईनेच जाहीर केलं, "आता एकच कंपनी. ती नाही म्हणाली तर एकचाकी भंगारात. आपण बरे, आपले पंप बरे." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

* * *

पहिला नकार घरचाच. मी मूळचा पहूरचा. मोठ्या हौसेने गाडी वडिलांना दाखवायला नेली. ओट्यासमोर दोन चकरा मारल्या. अख्खी गल्ली गोळा झाली. आबांनी शांतपणे सगळं बघितलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"अन् खताचं पोतं कुठी ठेवू रे भो?"

मी म्हटलं, "आबा, ही पोत्यासाठी नाही. एकट्या माणसासाठी आहे."

"मंग एकटा माणूस पायी जातो ना!"

पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून हेच सांगितलं. आपल्याकडे गाडी म्हणजे मागे बायको, पुढे पोरगं आणि हँडलला पिशवी. आबांनी फुकटात सांगितलं होतं, पण आम्ही ऐकतोय कशाला!

* * *

माझ्या जुन्या शोरूमच्या मालकांकडे गेलो. माणूस भला. म्हणाले, "ठेव एक पीस काउंटरजवळ. गिऱ्हाईक टेस्ट राइड मागेल. किती वेळ लागतो?"

सलीमभाई खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "रोज सकाळी आला तर पंधरा-वीस दिवसांत जमेल."

"काय जमेल?"

"उभं राहायला."

मालकांनी चहा मागवला आणि विषय क्रिकेटवर नेला.

* * *

आरटीओतल्या साहेबांना भेटलो ते नुसतं विचारायला, की बाबा हिची नोंद कशात होईल. स्कूटर म्हणावं तर दोन चाकं नाहीत, सायकल म्हणावं तर पॅडल नाही. साहेब समजूतदार होते, हाकलून दिलं नाही. स्वतः खाली पार्किंगमध्ये आले.

"ब्रेक दाखवा."

सलीमभाई गाडीवर चढला, थोडा पुढे गेला, मागे झुकला, थांबला.

"हो, पण ब्रेक कुठेय?"

सलीमभाई परत गेला, परत झुकला, परत थांबला. "हाच, साहेब."

साहेब बराच वेळ त्याच्या कमरेकडे बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे उद्या ब्रेक तपासायचा झाला, तर मी गाडी तपासायची की या गृहस्थांना?"

* * *

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं तेव्हा आम्ही नवीन शर्ट शिवले होते. एसी असा, की सलीमभाईला शिंका सुरू झाल्या. समोर पाच-सहा जण, पैकी एक बाई कायदा बघणाऱ्या. सगळे मोटरचं कौतुक करत होते. बाईंनी एकच विचारलं, "चालवणारा पडला तर?"

सलीमभाई उसळला. "मॅडम, तुमच्या मोटरसायकलवरून लोक पडत नाहीत का?"

"रोज पडतात."

"मग?"

"आमच्या मोटरसायकलवर तोल माणूस सांभाळतो. पडला तर चूक त्याची. तुमच्या एकचाकीवर तोल मशीन सांभाळतं. पडला तर चूक आमची!"

येताना बसमध्ये चाळीसगाव गेल्यावर सलीमभाई म्हणाला, "बाई खरं बोलली रे." मला त्याचा फार राग आला. भांडायचं तरी ना!

* * *

दुसऱ्या एका कंपनीने मात्र चाचणीची तयारी दाखवली. धुळ्यात एका मैदानावर जमायचं ठरलं.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. एकचाकी वेगाच्या मर्यादेला पोचली, की मोटरची सगळी ताकद पळण्यात जाते, तोल सांभाळायला काही उरत नाही. म्हणून त्याआधी ती बीप वाजवते. पण आपल्याकडे बीपला कोण विचारतो? हॉर्नलाच कुणी भीक घालत नाही! म्हणून सलीमभाईने बीप काढून माणसाचा आवाज टाकला. धुळ्यातला आमचा चहावाला, आवाज खणखणीत, अस्सल अहिराणी. त्याच्याकडून भरून घेतलं, "हयू! हयू चाल, दादा!"

हयू म्हणजे हळू. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं.

कंपनीचा इंजिनीअर पुण्याचा. सराव करून आला होता, छान चालवत होता. वेग वाढला. चाकातून आवाज आला, "हयू! हयू चाल, दादा!" इंजिनीअर हसला आणि आणखी पुढे झुकला. चहावाला आणखी जोरात, "हयू! हयू!" इंजिनीअर आणखी पुढे!

वाळूचा ढीग होता म्हणून थोडक्यात निभावलं. उठून बसल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, गाडी मला चिअर करतेय!"

तेवढ्यात मैदानावर बसलेले एक नाना लगबगीने आले. "काय व्हयनं? पडना का?" मग त्यांची नजर गाडीवर गेली आणि ते दचकले. "अरे, दुसरं चाक कथं गयं?"

झालं! बठ्ठा लोके, म्हणजे झाडून सगळे, कडेच्या बाभळीत शिरून दुसरं चाक शोधायला लागले. इंजिनीअरही मान वळवून बघत होता.

कंपनीने महिनाभराने कळवलं, की दर तालुक्याला वेगळा आवाज भरणं त्यांना शक्य नाही. आम्ही बीप परत बसवतो म्हणालो. त्यावर काही उत्तरच आलं नाही.

* * *

आणि मग ती शेवटची कंपनी.

तिचे मोठे साहेब डीलरच्या कार्यक्रमाला जळगावात आले होते. सत्तरीला टेकलेले, केस पांढरेशुभ्र, कमी बोलणारे. दुपारी ठरल्याप्रमाणे स्वतः आमच्या शेडवर आले, सोबत फक्त ड्रायव्हर. सलीमभाई सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

साहेबांनी मोटर बघितली, बॅटरी बघितली, मग कोट काढून माझ्या हातात दिला. "मला शिकवा."

सलीमभाईने त्यांचा हात धरला. साहेब चढले, उतरले, चढले, कोलमडले, परत चढले. घामाने शर्ट भिजला. दिवस कलता कलता तोल सापडला. मग काय! शेडसमोरच्या मोकळ्या जागेत साहेब गोल गोल फिरतायत, सलीमभाई त्यांचा हात धरून बाजूने धापा टाकत पळतोय, आणि साहेब मोठमोठ्याने हसतायत! ड्रायव्हर मोबाइलवर शूटिंग करत होता. मला म्हणाला, "साहेबांना असं हसताना मी कधी बघितलं नाही." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, झालं एकदाचं!

साहेब उतरले. तोंड धुतलं. माझ्या हातातून कोट घेऊन अंगात घातला, बटणं लावली, आणि एकदम साहेब झाले.

सलीमभाईने विचारलं, "मग कंपनीचं काय, साहेब?"

"कंपनी नाही करणार." एवढंच. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "ते शूटिंग डिलीट कर."

सलीमभाईने एकचाकी उचलली, कोपऱ्यात भंगारात काढलेल्या तांब्याच्या तारांशेजारी नेऊन ठेवली आणि शटर ओढायला लागला. बाहेर साहेबांच्या कारचं दार लागल्याचा आवाज आला. मग परत उघडल्याचा.

साहेब अर्ध्या शटरखालून वाकून आत बघत होते. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "सलीमभाई, मी उद्या दहाला निघतोय. सकाळी लवकर आलो, तर शटर उघडं असेल?"

सलीमभाईने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"असेल," तो म्हणाला. "पण उद्या मी हात धरणार नाही."