साखरेची पुडी

बाळांनो, गाडीतच स्वयंपाक करतानाचा तुमचा सुट्टीतला फोटो काल पाहिला आणि चाकणची एक दुपार आठवली. आजोबांना मधुमेह झाल्यावर धाब्यावरचं जेवण बंद करून मी त्यांच्या ट्रकमधून जाऊ लागले होते. स्टोव्ह, कुकर, डाळ-तांदूळ, सगळं जागच्या जागी असे. साखर मात्र मी ट्रकमध्ये चढूच दिली नव्हती. त्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेर रांगेत उभं असताना ट्रकच्या सावलीत मुगाची खिचडी चढवली. पहिली शिट्टी होताच त्यांना इन्सुलिन टोचलं आणि तेवढ्यात रांग हलली. मागचा ड्रायव्हर ओरडला, "काकू, सैपाक ऱ्हाऊ द्या, नंबर जाईल!" स्टोव्ह विझवून, कुकर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला. गाडी इंच इंच सरकत होती. इन्सुलिन टोचलेलं आणि पोटात घास नाही, त्यामुळे थोड्या वेळाने रक्तातली साखर उतरली; त्यांच्या कपाळावर घाम आला, स्टिअरिंगवरचे हात थरथरू लागले. "अहो, बोलत राहा माझ्याशी!" "काय बोलू? तुझ्या शिस्तीत चिमूटभर साखर नाही," ते कसंबसं हसले. गेटच्या आत गाडी थांबली, तेव्हा कुठे वाफ उतरून झाकण निघालं. खिचडी गोधडीतच शिजली होती. त्यांचा घाम ओसरेपर्यंत कुकरमधूनच मी त्यांना भरवत राहिले. आजोबा आता नाहीत. माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी अजून असते.