उलट्या कोटाचा फोटो

टाचणीमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ओठांत टाचण्या धरून शिवता शिवता अख्ख्या गल्लीशी भांडायची तिची हातोटी, म्हणून पडलेलं. आता साठी उलटली, नजर मंदावली, पण जिभेची धार तेवढी शाबूत होती.

तर मावशी लेकीला घेऊन फ्रेमवाल्याच्या दुकानात आली होती. आईचा एकुलता एक फोटो मोठा करून घ्यायचा होता. खुर्चीत आई, तिच्या मांडीवर बाळ, मागे कोटातले वडील.

"खाली साल कुठलं टाकू?" फ्रेमवाल्यानं विचारलं आणि तिथंच घोडं अडलं.

आई गेली तेव्हा मावशी जेमतेम चार वर्षांची. तिच्या आधी एक थोरली झाली होती, ती वर्षाच्या आतच गेली. मांडीवरचं बाळ म्हणजे आपणच, असं मावशी जन्मभर धरून चालली होती. आता साल ठरवायचं म्हणजे बाळ कोण तेही ठरणार!

पण शिंपीणच ती. तिनं भिंग मागून घेतलं आणि कोट तपासला.

"हे बघ, वरचा खिसा बाबांच्या उजव्या छातीवर! म्हणजे कोट उलटवलेला. कापड विटलं की उसवायचं, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवायचं. मग डावीकडचा खिसा जातो उजवीकडं. बाबा म्हणायचे, तू जन्मलीस त्याच महिन्यात माझा कोट नवा झाला. मीच आहे ही!"

लेक म्हणाली, "झालं तर मग."

"पण मावशी," फ्रेमवाला चाचरत म्हणाला, "छापताना निगेटिव्ह उलटी पडली असली, तर साधा कोटही असाच दिसणार."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. गुणी माणूस, पण गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? मग तिला आईच्या गालावरचा तीळ दिसला. फोटोत तो डाव्या गालावर होता. खराही डावीकडंच असला, तर फोटो सुलट आणि कोट उलटवलेलाच! पण खरा कुठल्या गालावर होता? तिला आठवेना. पोटची पोर आणि एवढंही ठाऊक नाही, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं आत्याला फोन लावला.

"तीळ ना? उजवीकडं," आत्या ठामपणे म्हणाली. "थांब हं. वहिनी माझ्यासमोर बसायची, तेव्हा माझ्या उजवीकडं दिसायचा. म्हणजे तिच्या डावीकडं की गं? का ती शेजारी बसायची?"

"आत्या, तीळ राहू दे. मांडीवर कोण आहे ते सांग."

"थोरली आहे गं ती," आत्या म्हणाली. "तू बोलायला लागलीस तेव्हा फोटो बघून विचारलंस, यात मी कुठंय? वहिनीचे डोळे भरून आले. पण म्हणाली, 'ही काय, माझ्या मांडीवर.' मग आम्हीही तेच म्हणत आलो. तुझा वेगळा फोटो काढायचा राहूनच गेला."

मावशी स्टुलावर बसली. आत्याला तीळ आठवत नाही, मग हे तरी खरं कशावरून? आणि खरं असलं तर रागवायचं कुणावर? आईवर? मेलेल्या तान्ह्या बहिणीवर? डोक्याचा नुसता गुंता झाला होता. लेक पाणी घेऊन उभी, फ्रेमवाला पेन उघडून उभा. मावशीचं दोघांकडंही लक्ष नव्हतं. आईचा आवाज, आईचा एखादा शब्द, काही म्हणता काही तिच्यापाशी नव्हतं.

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"आत्या, काय म्हणाली आई? पुन्हा एकदा सांग. अगदी तिच्यासारखं म्हण."