चंद्र पाहायला तलावात गेलो

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. अनुभव देवाच्या कृपेचा आहे, पण त्यात माझी काही शोभा नाही. मागच्या थंडीत पुतण्या आणि त्याची बायको आम्हा दोघांना पुसदकडच्या डोंगरातल्या एका तलावावर तंबूत राहायला घेऊन गेले. त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी घास घेत नाही, आणि ही गोष्ट चारचौघांना कळेल याचीही काळजी घेतो. मी जेवल्याशिवाय पत्नी जेवत नाही. तिला साखरेचा आजार आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुपार छान गेली. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे दिसत. पुतण्याच्या हवा भरलेल्या होडीत मी वल्हं मारायला शिकलो आणि लगेच स्वतःला मोठा नावाडी समजू लागलो. संध्याकाळी त्यानं स्पीकरवर वरातीतलं एक धांगडधिंग्याचं गाणं लावलं. उपासाच्या दिवशी हे काय, म्हणून मी ते रागानं बंद करायला लावलं.

चंद्रोदयाची वेळ झाली, पण तंबू नेमका पूर्वेच्या डोंगराखाली. चंद्र त्या डोंगराआड अडकलेला. पत्नीला घाम फुटला होता. ती म्हणाली, "अहो, मले थरथर होऊन राह्यलं. पंचांगातली वेळ झाली, तिकडं हात जोडा अन् जेवा नं." मी ऐकलं नाही. तलावात आत गेलं की डोंगरावरचा चंद्र दिसेल, असा हिशेब करून कोणाला न सांगता होडी पाण्यात ढकलली. तिला घास भरवायचा सोडून मी चंद्र पाहायला निघालो. आजही हे आठवलं की मान खाली जाते.

पाण्यात घुसलेलं टेकडीचं टोक ओलांडलं आणि तंबूपुढची शेकोटी दिसेनाशी झाली. वारा सुटला, होडी गोल फिरली. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या फांदीत वल्हं अडकलं आणि हातातून निसटलं. आता सगळे काठ सारखेच वाटू लागले. मी घाबरलो. इतक्या वर्षांच्या उपासांचा आधार वाटावा, तर तोही वाटेना. पाठ असलेलं स्तोत्र आठवेना. तोंडून एवढंच निघालं, "बाप्पा, माझं चुकलं. तिला सांभाळ."

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. तेच वरातीतलं गाणं, पूर्ण आवाजात. मी त्या आवाजाच्या रोखानं हातांनीच पाणी मागं लोटू लागलो. गाणं संपायचं, पुन्हा सुरू व्हायचं. हळूहळू टोक मागं पडलं, शेकोटी दिसली, आणि पुतण्या कमरेइतक्या पाण्यात येऊन होडी ओढू लागला.

"काका, न सांगता कायले गेलते?" एवढंच तो बोलला. पत्नी घोंगडी पांघरून बसली होती. पुतण्याच्या बायकोनं तिला बळेबळे गूळ खाऊ घातला होता. मी विचारलं, गाणं लावायचं कोणाला सुचलं? पत्नी म्हणाली, "मीच सांगतलं. ह्यायले ते गाणं सहन होत नाही, भांडाले तरी येतीन म्हटलं." मग तिनं विचारलं, "चंद्र दिसला काय?"

परतताना माझं तोंड पूर्वेलाच होतं. चंद्र डोंगरावर समोरच असणार. मी वर पाहिलंच नव्हतं. "नाही पाहिला," म्हणालो, आणि तिच्याच ताटातला पहिला घास तिला भरवून दुसरा मी घेतला. माझं व्रत त्या दिवशी मोडलं. जे मी माझ्या हट्टानं चालवत होतो, ते देवानं माझ्या हातून काढून घेतलं, असं मला वाटतं. त्याचे उपकार कसे फेडू?

संकष्टी मी अजून करतो. पण दिवेलागणीला आधी तिचं ताट वाढतो आणि ती जेवेपर्यंत समोर बसतो. आमच्या यवतमाळात लग्नसराईत एखादी वरात ते गाणं वाजवत दारावरून गेली, की मी उठून उभा राहतो आणि हात जोडतो. पुतण्या हसतो. पत्नी मात्र हसत नाही.