न विचारता काढलेला फोटो

नलूताई गेल्या तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मैडम जी, लाइब्रेरी वाली दीदी नहीं रहीं।" खडू हातातच राहिला... आता महिना झाला. एका मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून निरोप आला, ताईंवर लिहा, सोबत फोटो द्या. माझ्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, आणि तो द्यावा की नाही यावर आठ दिवस अडून बसले होते.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वडील इथेच, या हिंदी मुलखात, सदर बाजारात सायकली दुरुस्त करत. त्यामुळे मला कुणी शिकवायला आलं की डोकं फिरायचं. ताई शाळेचं ग्रंथालय सांभाळत आणि मुलांचे प्रकल्प आधी त्यांच्या टेबलावर जात. "ये फोटो किसका है रे?" "इंटरनेट का, मैडम।" "इंटरनेट खेत में गया था क्या फोटो खींचने?" मग त्याला शेजारी बसवून, मोकळेपणी वापरू दिलेली चित्रं कुठे मिळतात, परवानगीच्या ओळी कशा वाचायच्या, ते दाखवायच्या. खाली काढणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सुटका नाही. मी वैतागायचे, "ताई, शाळेचा तर प्रकल्प, कोण बघतंय?" "मुलगा बघतोय की," त्या म्हणायच्या.

इकडचं चित्र मिळालं नाही तर ताई स्वतः काढायला निघायच्या, स्कूटरवर मागे मी. टहरौली गावात एका शेतकऱ्याला म्हणाल्या, "भैया, आपकी भैंस की फोटो ले लें? बच्चों के काम आएगी।" तो म्हणाला, "हमसे का पूछतीं, भैंस से पूछ लो!" ताईंनी खरंच म्हशीपुढे हात जोडले, मग माझ्याकडे वळून खळखळून हसल्या, आणि मी मोबाइलवर फोटो काढला.

"मला विचारलंस, कुसुम?"

"तुम्हाला काय विचारायचं? मी काय परकी आहे?"

"मग विचार की. हो म्हणेन, नाहीतर नको म्हणेन."

मला ते लागलं. मी विचारलं नाही... फोटो पुसलाही नाही.

ताईंच्या मागेपुढे कुणी नव्हतं. प्रेम नगरातल्या त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय. शाळेत माझ्याशी मराठी बोलणारं आता कुणी नाही. दिवस दिवस आपली भाषा तोंडात येत नाही. काल पुरवणीला कळवलं, फोटो देता येणार नाही, मजकूर तेवढा छापा. फोटो रोज मी एकटीच बघते. ताई हसताहेत, आणि डावा हात कॅमेऱ्यासमोर अर्धा आलाय. नको म्हणत होत्या, की नुसतं हसू झाकत होत्या... त्याच वेळी विचारलं असतं, तर कळलं असतं.